फिरत्या परातीतील पाणी

एक रुंद परात घ्यावी, तीत चार बोटे पाणी भरावे, ती सावकाश फिरणाऱ्या चाकावर ठेवावी, कडेला किंचित ऊब द्यावी आणि मध्यभागी बर्फाने भरलेला डबा ठेवावा. एवढ्या सामग्रीने पृथ्वीच्या वातावरणाविषयी काही ज्ञान होऊ शकेल, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. वातावरण हजारो किलोमीटर पसरलेले, परात जेमतेम हातभर. वातावरण हवेचे, परातीत पाणी. वातावरणाखाली पर्वत आणि समुद्र, परातीखाली धातूचा सपाट तळ. असे असूनही १९५० च्या सुमारास शिकागो व केंब्रिज येथील प्रयोगशाळांत अशाच पात्रांतील पाण्याने आकाशातील वाऱ्यांचे जे चित्र दाखविले, ते पाहून हवामानशास्त्रज्ञ चकित झाले.

यातील केंब्रिजची हकीकत विशेष मनोरंजक आहे. तेथील पात्र वातावरणाच्या अभ्यासासाठी तयार केलेलेच नव्हते. पृथ्वीच्या पोटात, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीखाली काय चालले असावे, या प्रश्नासाठी ते बनविले होते. आणि तो प्रश्न भूकंपांच्या नोंदींतून निर्माण झाला होता. म्हणून ही हकीकत भूकंपापासून सांगितली पाहिजे, आणि तिचा आरंभ भारतातच होतो.

भूकंपाने दाखविलेला गाभा

१२ जून १८९७ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास शिलाँगच्या पठाराला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. शिलाँगमधील दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या आणि आसाम व बंगालच्या फार मोठ्या प्रदेशात हानी झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ओल्डहॅम यांच्याकडे या भूकंपाच्या चौकशीचे काम आले. त्यांचा अहवाल १८९९ साली प्रसिद्ध झाला. पडलेल्या भिंती व भेगाळलेली जमीन यांचे वर्णन करून ते थांबले नाहीत. हा धक्का हजारो किलोमीटर दूर असलेल्या इटलीसारख्या देशांतील उपकरणांवरही उमटला होता. त्या नोंदी मागवून ओल्डहॅम यांनी त्या बारकाईने तपासल्या, तेव्हा एकाच भूकंपाचे कंप तीन निरनिराळ्या वेळी येऊन पोहोचले असल्याचे त्यांच्या लक्षात आले.

प्रथम येतात ते प्राथमिक तरंग. यांत खडकाचे कण तरंगाच्या वाटचालीच्या दिशेनेच मागेपुढे हलतात. खडक आळीपाळीने दाबला जातो व सैल पडतो. त्यांच्यामागून दुय्यम तरंग येतात. यांत कण वाटचालीच्या दिशेला आडवे हलतात, जसा ताणलेल्या दोरीला झटका दिला असता होतो. शेवटी पृथ्वीच्या पृष्ठभागालगतच पसरणारे तरंग येतात. पहिल्या दोन प्रकारांतील भेद पुढे फार मोलाचा ठरला. घन पदार्थ दाबालाही विरोध करतो आणि पिळण्यालाही. पाणी दाबाला विरोध करते. पिचकारीचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबून पाहिल्यास याची खात्री पटेल. परंतु आडवे ढकलले असता ते निमूटपणे सरकते आणि मूळच्या आकाराला परत येण्याची धडपड करीत नाही. त्यामुळे प्राथमिक तरंग द्रवातून जाऊ शकतात, दुय्यम तरंग जाऊ शकत नाहीत.

१९०६ साली ओल्डहॅम यांनी अनेक भूकंपांच्या नोंदी एकत्र करून असे दाखविले की, पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या तरंगांना अपेक्षेपेक्षा उशीर होतो. अर्थात मध्यभागी वेगळ्या गुणधर्मांचा एक गाभा असला पाहिजे. थोड्याच वर्षांत जर्मन शास्त्रज्ञ बेनो गुटेनबर्ग यांनी या गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर असल्याचे निश्चित केले. प्राथमिक तरंगांचा वेग या सीमेच्या वरच्या बाजूस सेकंदाला १३ किलोमीटरांहून अधिक असतो. सीमा ओलांडताच तो एकदम सुमारे ८ किलोमीटरांवर येतो.

वेग असा एकाएकी कमी झाला म्हणजे तरंग वळतो. हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, तर पाण्यासारखे दुसरे साधन नाही. टॉमस यंग यांनी १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत तरंगांच्या पात्राचे वर्णन केले आहे. काचेच्या तळाच्या उथळ तबकात पाण्याचा थर घेऊन वरून दिव्याचा प्रकाश सोडला की पृष्ठावरील लहरींच्या सावल्या खाली ठेवलेल्या कागदावर पडतात. शाळांच्या प्रयोगशाळांतून हे पात्र आजही आढळते. त्याच्या मध्यभागी एक जाड, गोल काचेची चकती अशी बुडवावी की, तिच्यावर पाण्याचा केवळ दोन-तीन मिलिमीटर थर राहील. उथळ पाण्यात लहरी मंदावतात. एका बाजूने लहरी सोडल्यास चकतीवरून जाणारा भाग मागे रेंगाळतो, आतल्या बाजूस वळतो आणि पलीकडे गोळा होतो. चकतीच्या मागे उजव्या व डाव्या हातास पाणी तुलनेने शांत राहते. पृथ्वीवरही असेच घडते. भूकंपाच्या केंद्रापासून सुमारे १०३ ते १४३ अंश अंतरावरील पट्ट्यात सरळ येणारे प्राथमिक तरंग जवळजवळ पोहोचतच नाहीत. हा पट्टा म्हणजे गाभ्याची छाया होय. अर्थात तबकातील लहरी या पृष्ठावरच्या लहरी आहेत आणि भूकंपाचे तरंग खडकाच्या आतून जातात. साम्य आहे ते वळण्याच्या नियमात. हा भेद विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवलेला बरा.

गाभा आहे हे ठरले, पण तो घन की द्रव? केंब्रिजचे हॅरॉल्ड जेफ्रीझ यांनी १९२६ साली याचा निर्णय केला. चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाने केवळ समुद्रालाच नव्हे, तर घन पृथ्वीलाही भरती येते. ती किती येते यावरून सबंध पृथ्वी सरासरीने किती ताठर आहे याचा हिशेब करता येतो. आणि भूकंपतरंगांच्या वेगावरून गाभ्याबाहेरील खडक किती ताठर आहेत हे कळते. दोन्ही आकडे ताडून पाहता बाहेरचा खडक सरासरीपेक्षा बराच अधिक ताठर निघाला. तेव्हा आतला भाग सरासरी खाली ओढणारा, म्हणजे द्रव, असला पाहिजे. पुढे १९३६ साली डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी या द्रवाच्याही मध्यभागी आणखी एक गाभा असल्याचे दाखविले. तो घन आहे असे आज सिद्ध झाले आहे. परंतु आपल्या हकीकतीला प्रयोजन आहे ते बाहेरच्या द्रव गाभ्याचे. त्याची त्रिज्या सुमारे ३,४८० किलोमीटर, म्हणजे मंगळाच्या त्रिज्येपेक्षाही किंचित अधिक आहे.

केंब्रिजचे पात्र

आपल्या पायांखाली वितळलेल्या, मुख्यतः लोखंडाच्या, द्रवाचा एवढा मोठा साठा आहे आणि तो पृथ्वीबरोबर फिरत आहे. तो आतून उष्ण आहे. बाहेरून त्याची उष्णता सावकाश निघून जात आहे. मग तो स्वस्थ कसा राहील? होकायंत्राची सुई याची साक्ष देते. लंडन येथे १५८० साली ही सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे ११ अंश पूर्वेस झुकत असे. १८२० च्या सुमारास ती सुमारे २४ अंश पश्चिमेस झुकू लागली. खडकांच्या हालचाली लाखो वर्षांच्या असतात. अडीचशे वर्षांत पस्तीस अंशांचा फरक त्या करू शकत नाहीत. एडमंड हॅली यांनी १६९२ सालीच अशी कल्पना मांडली होती की, पृथ्वीच्या आत काहीतरी वेगळ्या गतीने फिरत असावे. याच हॅलींनी त्यापूर्वी सहा वर्षे व्यापारी वारे आणि हिंदी महासागरावरील मोसमी वारे यांचा नकाशा प्रसिद्ध केला होता. वारे आणि पृथ्वीचे अंतरंग हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या टेबलावर त्या वेळीही शेजारी शेजारी पडले होते, ही गंमतच म्हणावयाची.

१९५० च्या सुमारास केंब्रिज येथे कीथ रंकॉर्न यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड हाइड हे तरुण विद्यार्थी या प्रश्नाकडे वळले. फिरणाऱ्या द्रवाला आतून-बाहेरून वेगवेगळे तापमान दिले तर तो कसा वाहतो, हे त्यांना पाहावयाचे होते. वितळलेले लोखंड प्रयोगशाळेत असे हाताळणे अशक्य. म्हणून त्यांनी पाणी घेतले. एकात एक बसविलेली दोन उभी नळकांडी, त्यांच्यामधील वलयाकार जागेत पाणी, आतील भिंत थंड, बाहेरील उबदार, आणि सर्व सामग्री फिरत्या चाकावर: एवढीच ती रचना. पाण्याच्या पृष्ठावर बारीक चूर्ण टाकले की प्रवाहाच्या वाटा दिसत.

चाक सावकाश फिरत असता पाणी वलयात समगतीने वाहत राहिले. गती एका मर्यादेपलीकडे वाढविताच हे साधे चित्र मोडले. पृष्ठावर एक अरुंद, वेगवान प्रवाह उमटला आणि तो नागमोडी वळणे घेत आतल्या भिंतीकडून बाहेरच्या भिंतीकडे व पुन्हा आत असा वाहू लागला. वळणे कधी तीन, कधी चार, कधी पाच. परंतु ती नेमकी एकसारखी आणि सबंध आकृती सावकाश पुढे सरकणारी. गती आणखी वाढविली की वळणांची संख्या वाढे. काही अवस्थांत वळणांचा आकार ठरावीक काळाने वाकडा होई व पुन्हा पूर्ववत होई. फारच वेग दिला की नियमितपणा संपून सर्वत्र भोवऱ्यांची गर्दी होई.

हाइड यांनी गाभ्याचा विचार मनात धरून हे केले होते. तो प्रवाह पाहून ‘हे तर वातावरणासारखे दिसते’ अशा आशयाचा अभिप्राय ज्यांनी दिला, ते हॅरॉल्ड जेफ्रीझ होते. म्हणजे भूकंपांवरून गाभा द्रव आहे असे ज्यांनी सांगितले, त्यांनीच त्या गाभ्यासाठी मांडलेल्या प्रयोगात आकाश ओळखले. जेफ्रीझ भूकंपशास्त्राप्रमाणेच वाऱ्यांच्या गणितातही पारंगत होते, म्हणून ही ओळख पटली.

शिकागोची परात

त्याच सुमारास शिकागो विद्यापीठात डेव्ह फुल्ट्झ हे अगदी वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचत होते. तेथे कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांच्या भोवती हवामानशास्त्रज्ञांचा एक समर्थ गट जमला होता. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांना पश्चिमेकडून येणाऱ्या अतिवेगवान वाऱ्यांचा अनुभव आला होता. १९४७ साली शिकागोच्या संशोधकांनी या झोतवाऱ्याचे स्वरूप मांडले: सुमारे दहा किलोमीटर उंचीवर, मध्यम अक्षांशांत, सबंध पृथ्वीला वेढणारी ती एक नागमोडी वाऱ्याची नदी आहे. तिची वळणे पुढे सरकतात आणि जमिनीवरील वादळे, पाऊस व थंडीच्या लाटा त्यांच्याबरोबर हलतात.

परंतु आकाशावर प्रयोग करता येत नाही. सूर्याची उष्णता वाढवून पाहता येत नाही, पृथ्वीचे फिरणे मंद करून पाहता येत नाही. ग्रहगोल एकच आणि त्याच्यावरील हवामानही एकदाच घडणारे. फुल्ट्झ यांनी म्हणूनच स्वयंपाकघरातील भांडी धुण्याच्या ॲल्युमिनियमच्या तसराळ्यासारखे पात्र फिरत्या चाकावर ठेवले, त्याची कड तापविली, मध्य थंड ठेवला आणि पाण्यावर ॲल्युमिनियमची भुकटी पसरली. कड म्हणजे विषुववृत्त, मध्य म्हणजे ध्रुव, पात्राची एक फेरी म्हणजे एक दिवस. वरचा कॅमेराही पात्राबरोबरच फिरे; त्यामुळे पृथ्वीवर उभ्या असलेल्या माणसाला वारा जसा दिसावा तसा पाण्याचा प्रवाह छायाचित्रांत दिसे.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. बर्लिनच्या फेटिन यांनी १८५७ सालीच फिरत्या पात्रात मध्यभागी बर्फ ठेवून धुराच्या साहाय्याने हवेचे प्रवाह पाहिले होते. जेम्स टॉमसन यांनी १८९२ मध्ये पाण्याच्या पात्राची सूचना केली, आणि एक्सनर यांनी १९२३ मध्ये व्हिएन्नात तसे प्रयोग केले. तथापि उंचावरील वाऱ्यांची मोजमापे हाती नसल्यामुळे पात्रातील चित्र कशाशी ताडून पाहावे हेच त्या काळी कळत नव्हते. फुल्ट्झ यांना ताडून पाहण्यासाठी आकाशाचे नकाशे मिळाले होते.

मंद गतीच्या परातीत त्यांना जॉर्ज हॅडली यांनी १७३५ साली कल्पिलेले अभिसरण दिसले: कडेचे ऊबदार पाणी वर येते, पृष्ठावरून मध्याकडे जाते, तेथे थंड होऊन खाली बसते आणि तळाने परत कडेला येते. गती वाढविली की मध्याकडे निघालेले पाणी उजवीकडे ढकलले जाते आणि मध्याकडे जाण्याऐवजी मध्याभोवती धावू लागते. आता उष्णता आत पोहोचविणार कोण? कड तापतच राहते, मध्य गारठतच राहतो, आणि दोहोंमधील तफावत वाढत जाते. अखेर तो वर्तुळाकार प्रवाह अस्थिर होऊन त्याला वळणे पडतात. एका वळणातून ऊबदार पाण्याची जीभ आत शिरते, शेजारच्या वळणातून थंड पाणी बाहेर पडते. उष्णतेची ने-आण पुन्हा सुरू होते, पण ती आता या वळणांच्या मार्फत. चार्नी यांनी १९४७ साली व ईडी यांनी १९४९ साली ज्या अस्थिरतेचे गणित स्वतंत्रपणे मांडले होते, ती या पात्रांत डोळ्यांना दिसू लागली.

हातभर पात्र आणि सबंध आकाश

साम्य केवळ दिसण्यापुरते असते तर त्याला फारशी किंमत नव्हती. ढगांत हत्ती दिसतो म्हणून ढगाला सोंड आहे असे कोणी मानीत नाही. मग परातीवर विश्वास का ठेवावा?

याचे उत्तर आकारात नसून प्रमाणात आहे. ग्रह एक फेरी पूर्ण करीपर्यंत हवा आपल्या वळणाच्या लांबीचा कितवा भाग चालून जाते, हे विचारावे. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा एका दिवसात ८६४ किलोमीटर जातो. झोतवाऱ्याच्या एका वळणाची लांबी ४,००० किलोमीटर धरली, तर हा भाग सुमारे एक-पंचमांश होतो. आता मिनिटाला दहा फेऱ्या घेणारे पात्र घ्या. त्याचा ‘दिवस’ सहा सेकंदांचा. पाणी सेकंदाला पाच मिलिमीटर वाहत असेल, तर एका फेरीत ते तीन सेंटिमीटर जाईल. वळणाची लांबी पंधरा सेंटिमीटर असेल, तर येथेही प्रमाण एक-पंचमांशच. रॉसबी यांच्या नावाने ओळखली जाणारी संख्या तत्त्वतः हेच प्रमाण सांगते. ते लहान असले की वाहत्या द्रवाला पृथ्वीचे फिरणे चांगलेच जाणवते, मग तो द्रव हवा असो, पाणी असो की वितळलेले लोखंड असो. उष्णतेच्या तफावतीचाही असाच हिशेब असतो. ही प्रमाणे जुळली म्हणजे समीकरणे दोन्हीकडे सारखीच होतात, आणि समीकरणांना भांड्याचा आकार ठाऊक नसतो.

उलट, जे प्रमाण जुळत नाही तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परातीची त्रिज्या वीस सेंटिमीटर मानून तिला विषुववृत्त ते ध्रुव हे दहा हजार किलोमीटरांचे अंतर समजले, तर दहा किलोमीटर जाडीच्या हवेच्या थरासाठी पाणी केवळ एक-पंचमांश मिलिमीटर खोल हवे; प्रत्यक्षात ते आठ-दहा सेंटिमीटर असते. पात्राचा तळ सपाट, पृथ्वी गोल; त्यामुळे अक्षांशागणिक बदलणारा फिरण्याचा परिणाम सपाट परातीत येत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे परातीत ढग नाहीत. बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता मोकळी होते, तीच मोसमी वाऱ्यांची एक मुख्य शक्ती आहे. जमीन व समुद्र यांचा भेदही परातीला माहीत नाही. म्हणून जून महिन्यातील केरळचा पाऊस परातीत शोधू नये. परंतु डिसेंबरपासून मार्चपर्यंत भूमध्य समुद्राकडून येणारे जे पश्चिमी विक्षोभ काश्मीरला बर्फ आणि पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशातील गव्हाला पाऊस देतात, ते याच पश्चिमी वाऱ्यांच्या वळणांवर स्वार होऊन येतात. त्यांचे कूळ परातीत सापडते.

नियमित कारणांतून अनियमितपणा

परातीने एक अडचणीचा प्रश्नही उभा केला. चाकाची गती अचूक सारखी, कडेची ऊब सारखी, मध्याचे बर्फ सारखे. बाहेरून काहीच बदलत नाही. तरी काही अवस्थांत पाणी एकदा घेतलेला आकार पुन्हा कधीच जसाच्या तसा घेत नाही. शिवाय याच सामग्रीत असेही आढळले की, एकाच गतीला आणि एकाच तापमानाला कधी तीन वळणांचा प्रवाह स्थिर राहतो, तर कधी चार वळणांचा. आणि कोणता राहील हे चाक त्या गतीला कमी वेगाकडून आणले की अधिक वेगाकडून, यावर अवलंबून असते. पाण्याला जणू आपला पूर्वेतिहास आठवतो.

मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील एडवर्ड लॉरेंझ यांनी हे प्रयोग मनावर घेतले. १९६१ च्या हिवाळ्यात त्यांना संगणकावर एक अनुभव आला होता. हवामानाच्या एका सोप्या गणिताची पुनरावृत्ती करताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. काही काळ दोन्ही उत्तरे जुळली आणि नंतर ती इतकी दुरावली की त्यांचा परस्परांशी काही संबंध आहे असे वाटेना. पुढील वर्षी त्यांनी फिरत्या पात्रांच्या प्रयोगांसाठी सोपी समीकरणे मांडली. १९६३ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधाच्या आरंभीही फिरत्या पात्रातील प्रवाहांचा उल्लेख आहे. त्या निबंधाचा निष्कर्ष असा की, पूर्णपणे नियमबद्ध असलेली व्यवस्थाही अनियमित वागू शकते, आणि तिच्या आरंभीच्या स्थितीतील अत्यल्प चूक वाढत जाऊन दूरचे भाकीत निरुपयोगी करते.

याचा व्यवहारातील अर्थ गंभीर आहे. अमुक दिवशी अमुक ठिकाणी पाऊस पडेल की नाही, हे साधारण दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही. यंत्रे सुधारली, उपग्रह वाढले, तरी ही मर्यादा थोडीशीच सरकते. मात्र दिवसाचे हवामान आणि वर्षानुवर्षांचे वायुमान यांत गोंधळ करू नये. पुढची जीभ कोणत्या क्षणी आत शिरेल हे परातीवरून सांगता येत नाही; पण बर्फ कमी केले किंवा गती वाढविली तर वळणे सरासरीने किती राहतील, हे चांगले सांगता येते. आज उत्तर ध्रुवाकडील प्रदेश पृथ्वीच्या सरासरीहून बराच वेगाने तापत आहे, म्हणजे कड आणि मध्य यांतील तफावत जमिनीलगत कमी होत आहे. त्यामुळे झोतवाऱ्याची वळणे अधिक खोल व अधिक रेंगाळणारी होतील काय, यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. एकाच जागी रेंगाळलेले वळण म्हणजे कोठे लांबलेली उष्णतेची लाट, तर कोठे न थांबणारा पाऊस. तेव्हा हा वाद केवळ विद्वानांपुरता नाही.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

पस्तीस-चाळीस सेंटिमीटर व्यासाचे, उभ्या कडांचे, शक्यतो पारदर्शक भांडे घ्यावे. ते सावकाश व एकसारख्या गतीने फिरू शकेल अशा चाकावर अगदी मधोमध व समपातळीत बसवावे. कुंभाराचे चाक किंवा ग्रामोफोनची तबकडी यासाठी फार वेगाने फिरते. मिनिटाला दहा फेऱ्या पुरेत. भांड्यात आठ-दहा सेंटिमीटर पाणी घालावे. मध्यभागी पंधरा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा ठेवून तो तरंगू नये म्हणून आत वजन घालावे. कडेला तापविण्याची गरज नाही. खोलीची ऊब पुरते.

आता चाक सुरू करावे आणि थांबावे. बहुतेकांचा प्रयोग येथेच बिघडतो. भांडे फिरू लागले तरी आतील पाणी लगेच फिरत नाही. सगळे पाणी भांड्याबरोबर एक होण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ गेल्यावर शाईचा एक थेंब टाकून पाहावा. स्थिर भांड्यात शाई ढगासारखी पसरते. फिरत्या भांड्यात ती पातळ उभ्या पडद्यांसारखी लोंबते. जी. आय. टेलर यांनी १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असे पडदे दाखवून फिरणाऱ्या पाण्याला एक प्रकारचा उभा ताठपणा येतो हे सिद्ध केले.

यानंतर डब्यात बर्फ व पाणी भरावे, डब्यालगत निळ्या रंगाचे व कडेला लाल रंगाचे काही थेंब सोडावेत. थोड्याच मिनिटांत निळ्या जिभा बाहेर आणि लाल जिभा आत सरकू लागतील व त्यांच्या सीमेवर भोवरे वळतील. भांडे वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असेल, तर तो उत्तर गोलार्ध समजावा. मोबाइलचा कॅमेरा भांड्याबरोबरच फिरेल असा वर बसविता आला तर उत्तम. नाहीतर फिरत्या चित्रातून वळणे ओळखणे डोळ्यांना कठीण जाते. नंतर पाणी बदलून तोच प्रयोग मिनिटाला एका फेरीने करावा. जिभा दिसणार नाहीत. रंग डब्याभोवती पिळवटत जाऊन सर्व बाजूंनी सारखाच पसरेल.

हाइड यांचा मूळ प्रश्न मात्र पाण्याने पुरता सुटण्यासारखा नव्हता. गाभ्यातील लोखंड विजेचे वाहक आहे. त्याच्या वाहण्याने चुंबकत्व उत्पन्न होते आणि ते चुंबकत्व उलट त्या वाहण्याला अडवते. साधे पाणी विजेच्या दृष्टीने या कामास अगदीच अपुरे पडते. म्हणून पुढे वितळलेल्या सोडियमकडे वळावे लागले. हा धातू सुमारे ९८ अंश सेल्सियसला वितळतो आणि विजेचा उत्तम वाहक आहे. परंतु पाण्याचा स्पर्श होताच पेट घेतो. १९९९ च्या अखेरीस लॅटव्हियातील रिगा आणि जर्मनीतील कार्ल्सरूह या दोन ठिकाणी, केवळ वाहत्या सोडियमपासून आपोआप चुंबकक्षेत्र निर्माण होऊन टिकून राहिलेले प्रथमच पाहण्यात आले. त्या दोन्ही यंत्रांत सोडियम नळ्यांतून ठरवून दिलेल्या वाटांनी फिरविला होता. गाभ्यातील द्रव मात्र आपली वाट स्वतःच काढतो.